डाव्या हाताखाली दबलेला बेस

प्रश्न : पुण्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४६, विमा क्षेत्रात नोकरी. कॉलेजमध्ये थोडी गिटार वाजवलेली. चार वर्षांपूर्वी जुन्या मित्रांच्या हौशी वाद्यवृंदात ते बेस गिटार (जाड तारांची, खालचे स्वर देणारी गिटार) वाजवायला लागले. ग्रुपमध्ये दोन गायक (एक पुरुष, एक स्त्री), कीबोर्ड, ऑक्टोपॅड (ड्रमचे आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य), ढोलकी-तबला, गिटार आणि हे. सोसायट्यांचे गणेशोत्सव, कोजागिरी, एखादा वाढदिवस, अशा कार्यक्रमांत जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवतात. यंदा गणपतीत कार्यक्रम झाल्यावर मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर त्यात बेस जवळजवळ नाहीच. तिसऱ्या रांगेत बसलेली मुलगीही म्हणाली, "बाबा, तुम्ही काय वाजवत होता ते कळलंच नाही." त्यांच्याकडे साधा चार तारांचा बेस आणि तीस वॅटचा छोटा अँप आहे. आता पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह बेस आणि तीनशे वॅटचा अँप घ्यायचा विचार आहे. खर्च एक लाख चाळीस हजार. पत्नी म्हणाल्या, "तुमचे पैसे आहेत, घ्या." बावीस गाण्यांची यादी गायकांच्या पट्ट्यांसह त्यांनी सोबत जोडली आहे. तीन आठवड्यांवर कोजागिरीचा कार्यक्रम आहे. पत्राच्या शेवटी ते विचारतात : हे सामान घेऊ, की बेसच सोडून देऊ?

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते सामानाबद्दलचं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर थांबलो. गणपतीच्या आधीच्या तालमीला यायला तुम्हाला उशीर होणार होता, तेव्हा कीबोर्डवाला मित्र फोनवर म्हणाला, "तू नाही आलास तरी चालेल, डाव्या हाताने मी भरून काढतो." ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे आणि लगेच अँपच्या किमतीकडे वळला आहात. पण पत्राचा क्रम पाहिला तर एक लाख चाळीस हजारांचा हिशेब त्या ओळीनंतरच सुरू होतो. त्यामुळे सामानाबद्दल मी बोलणारच आहे, सविस्तर बोलणार आहे. मात्र ती ओळ बाजूला ठेवून बोलता येणार नाही.

आधी पुरावा तपासू. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग हा बेसच्या बाबतीत पुरावाच नाही. बेसच्या चार मोकळ्या तारांच्या कंपनसंख्या आहेत साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. म्हणजे तुमच्या चारही तारांचा मूळ स्वर त्या स्पीकरमध्ये मावतच नाही. ऐकू येतात ते मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे उपस्वर, आणि तेही कीबोर्ड, गिटार आणि टाळ्यांच्या गर्दीतून वाट काढून. तेच रेकॉर्डिंग चांगल्या हेडफोनवर पुन्हा ऐका. थोडा तरी बेस सापडेल.

मुलीचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. ती सभागृहात होती, मोठे स्पीकर समोर होते, आणि तिने खरं तेच सांगितलं. तेव्हा तुमचं दुखणं खरं आहे. त्याचं कारण अँप आहे, हे मला पटत नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये खालच्या स्वरांच्या भागात कोण कोण बसलंय ते मोजा. ऑक्टोपॅडची किक (मोठ्या ड्रमचा ठोका), ढोलकी-तबल्याचा घुमारा, कीबोर्डवाल्याचा डावा हात आणि तुम्ही. एवढ्याशा जागेत चौघं. त्यातले पहिले दोन ठोके देतात आणि मोकळे होतात. डावा हात आणि बेस दोघंही स्वर धरून ठेवतात, तोच सा, तोच प, तेच सप्तक. दोघांचं वाजणं किंचित मागेपुढे झालं की ऐकणाऱ्याला दोन बेस ऐकू येत नाहीत, एकही धड येत नाही. नुसती घूं घूं येते. त्यात कीबोर्डचा आवाज दर वेळी त्याच जोराने, त्याच लांबीने निघतो, आणि बोटांनी वाजवलेली तार प्रत्येक वेळी थोडी वेगळी लागते. या झटापटीत तार हरते. तुम्ही अँप मोठा केलात तर घूं घूं मोठी होईल.

हे मला एका साउंडवाल्याने शिकवलं. मी बावीस वर्षं अशाच हौशी वाद्यवृंदात बेस वाजवला. साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात साउंड चेकला मी सारखा "बेस वाढवा, बेस वाढवा" म्हणत होतो. त्या गृहस्थांनी माझ्या चॅनलला हातही लावला नाही. कीबोर्डच्या चॅनलवरचा खालच्या स्वरांचा नॉब डावीकडे फिरवला, आणि माझी तार पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आली. मी काहीच वेगळं वाजवत नव्हतो. त्यानंतर कुठल्याही स्टेजवर मी आधी कीबोर्डवाल्याच्या शेजारी जाऊन उभा राहायला लागलो.

आता तुमच्या मित्राचं बघा. तुम्हीच लिहिलंय की ग्रुप अकरा वर्षांचा आहे आणि तुम्ही आलात चार वर्षांपूर्वी. म्हणजे आधीची सात वर्षं त्या माणसाने एकट्याच्या डाव्या हाताने बेस ओढला. उजव्या हाताने व्हायोलिनचे तुकडे, बासरी, अ‍ॅकॉर्डियन, आणि डाव्याने बेस. आपल्याकडच्या वाद्यवृंदांत कीबोर्डवाले हे वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि ते कष्टाचं काम आहे. तुम्ही आल्यावर त्याला कुणी सांगितलं का, की आता हे ओझं खाली ठेव? पत्रावरून वाटतं, नाही. "डाव्या हाताने भरून काढतो" या बोलण्यात तुम्हाला तुमची गरज नसल्याचं ऐकू आलं. मला त्यात एक सवय ऐकू येते, आणि कदाचित उशीर होणाऱ्या मित्राचा जीव हलका करण्याची घाईही. माझा अंदाज चुकू शकतो. पण तुम्ही चार वर्षांत त्याला एकदाही विचारलेलं नाही, आणि न विचारता एवढा मोठा खर्च करायला निघाला आहात.

विचारायचं कसं, हे अवघड आहे, मला कल्पना आहे. "तुझा डावा हात बंद कर" असं सांगितलं तर वीस वर्षांची मैत्री असली तरी माणूस दुखावतो. दोन गाणी निवडा, एक संथ, एक द्रुत. तालमीत प्रत्येक गाणं दोनदा वाजवा : एकदा नेहमीसारखं, एकदा त्याने डाव्या हाताने फक्त मधल्या सप्तकात कॉर्ड धरायचे आणि खालचा भाग तुमच्यावर सोडायचा. दोन्ही रेकॉर्ड करा आणि सगळ्यांनी मिळून हेडफोनवर ऐका. कुणाला काही पटवून द्यावं लागणार नाही. शिवाय त्याला डावा हात मोकळा मिळाला की मागे लांब सूर धरणं, गायकाला आधार देणं, किती तरी गोष्टी सुचतील. एखाद्या गाण्यात त्याचा डावा हातच छान वाटला, तर त्या गाण्यात तुम्ही मुखडाभर गप्प बसा आणि अंतऱ्याला आत या. तुमच्या मुलीला बेस म्हणजे काय ते कळावं असं वाटत असेल, तर अंतऱ्याला आत येण्याइतका चांगला उपाय नाही.

आता पाच तारांकडे येतो, कारण तुमची यादी पाहून मला इथे तुमची बाजू थोडी पटली. बावीसपैकी नऊ गाणी काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन या पट्ट्यांत आहेत. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा स्वर पांढरी तीन. म्हणजे या नऊ गाण्यांत सगळ्यात खालचा सा तुमच्या वाद्यावर नाहीच. तुम्हाला तो जाड तारेकडून मोजल्यास दुसऱ्या तारेवर, चौथ्या ते सहाव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), एक सप्तक वर घ्यावा लागतो. पाच तारांच्या बेसवर तो मिळतो. हे पाच तारा घेण्याचं खरंखुरं कारण आहे, आणि गायकांच्या पट्टीनुसार वाजवावं लागणाऱ्या आपल्याकडच्या बेसवाल्यांना ते रॉक वाजवणाऱ्यांपेक्षा जास्त लागू पडतं.

पण तो खालचा सा ऐकू कुठून येणार? पांढरी दोनचा तो सा ३७ हर्ट्झच्या आसपास आहे. सोसायटीच्या कार्यक्रमाला साउंडवाला दोन टॉप (स्टँडवरचे स्पीकर) आणतो, सब (फक्त खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) बहुतेक वेळा आणत नाही. ते टॉप एवढ्या खाली उतरतच नाहीत. तुम्ही मन लावून खालचा सा वाजवाल आणि समोर पोचेल त्याचा पुसट उपस्वर. दुसऱ्या तारेवरचा सा ७३ हर्ट्झचा आहे. तो या स्पीकरांतून कितीतरी चांगला निघतो. शिवाय त्या सा चा खालचा पंचम त्याच फ्रेटवर शेजारच्या जाड तारेवर बसलेला असतो. हात हलवावा लागत नाही. काळी एकमध्ये चौथा फ्रेट : एका तारेवर सा, शेजारी मंद्र प. एवढ्यावर केरवा आणि दादऱ्यातली निम्मी गाणी उभी राहतात. पांढरी दोनसाठी खालचा सा हवाच असेल तर जाड तार एक पूर्ण स्वर उतरवून बघा, पैसे न घालता हौस फिटते. सब असलेल्या स्टेजवर नियमित वाजवायला लागलात, की पाच तारांचा विचार जरूर करा. आज नको.

'अ‍ॅक्टिव्ह' या शब्दाबद्दलही एक गैरसमज तुमच्या पत्रात दिसतो. अ‍ॅक्टिव्ह बेस म्हणजे जास्त मोठ्याने वाजणारा बेस नव्हे. त्याच्या पोटात बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअँप असतो, त्यामुळे बेसवरूनच खालचे-वरचे स्वर कमीजास्त करता येतात आणि लांब केबलमध्ये आवाज मंद होत नाही. उपयोगी गोष्ट आहे. पण त्यात नऊ व्होल्टची बॅटरी असते, केबल खोचलेली राहिली की ती रात्रभर खर्च होते, आणि ऐन कार्यक्रमात आवाज फाटायला लागतो. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेसने जगातलं प्रचंड काम झालेलं आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतला जेम्स जेमरसन फेंडर कंपनीच्या एका पॅसिव्ह प्रिसिजन बेसवर, फ्लॅटवाउंड (वरून गुळगुळीत) तारांवर, उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवायचा. त्याचा बेस अँपशिवाय थेट मिक्सरमध्ये (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रात) जायचा. साठच्या दशकातली कितीतरी गाणी त्या एका बोटावर उभी आहेत.

वॅटचा हिशेबही सांगतो, कारण दुकानात तो कुणी नीट सांगत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल एवढा. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तुमचा अँप तीसचा, घ्यायचा आहे तो तीनशेचा. बाकी सगळं सारखं धरलं तर तुम्ही लाखभर रुपये देऊन फक्त दुप्पट आवाज विकत घेणार आहात. खऱ्या ड्रमसेटबरोबर वाजवत असता, तर मी म्हटलं असतं की तीस वॅट अपुरे आहेत, शंभर-दोनशे तरी हवेत. तुमच्याकडे ऑक्टोपॅड आहे. तो स्पीकरमधूनच वाजतो. मग तुम्हीही स्पीकरमधूनच वाजा. तीस वॅटचा अँप पायाशी ठेवा, तो तुम्हाला स्वतःला ऐकायला आहे. लोकांना ऐकवायचं काम समोरच्या मोठ्या स्पीकरांचं.

त्यासाठी लागतो डीआय बॉक्स. हाताच्या पंजाएवढी पेटी, किंमत तुमच्या बजेटच्या काठावरची चिल्लर. बेसची केबल त्यात जाते. एक वाट तुमच्या अँपकडे, दुसरी एक्सएलआर (माइकला लावतात त्या) केबलने मिक्सरकडे. पॅसिव्ह बेस असेल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय घ्या, तारेचा वरचा स्पष्टपणा टिकतो. सध्या तुमच्या अँपसमोर साउंडवाला माइक लावतो असं तुम्ही लिहिलंय. त्या माइकमध्ये शेजारची ढोलकीही शिरते आणि तीस वॅटच्या छोट्या स्पीकरची घुसमटही. यंदाच्या गणपतीत तुमचा बेस हरवण्याचं दुसरं कारण मला हेच वाटतं.

विजेबद्दल थोडं थांबून सांगतो, आणि हे बेसवाल्यांनीच नाही, माइक हातात घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं. गिटार-बेसच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. तुमचा अँप एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असेल, त्यातल्या एकाचं अर्थिंग तुटलेलं असेल, आणि तारेवर हात ठेवून तुम्ही माइकला ओठ लावलेत, तर शॉक बसतो. भाद्रपदातला ओला मांडव, तात्पुरत्या वायरी, पाण्यात पडलेला एक्स्टेंशन बोर्ड : हौशी कलाकारांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. स्टेजवरचं सगळं एकाच बोर्डावरून, अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्या. अर्थिंग आहे का ते दाखवणारा सॉकेट टेस्टर मिळतो, तो केबलच्या पिशवीत कायम ठेवा. गुणगुण येते म्हणून प्लगची जाड अर्थ पिन काढणारे महाभाग भेटतील. त्यांना हात लावू देऊ नका. गुणगुण घालवायला डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते त्यासाठीच आहे.

आता तुमच्या हातातल्या बेसकडे या. चार वर्षांत तो एकदाही कुणाला दाखवला नाही, तारा त्याच आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओलावा घेतं, मार्च-एप्रिलमध्ये सुकतं, आणि मान दर वर्षी थोडी हलते. एकदा जाणकार माणसाकडून सेटअप करून घ्या : मानेतला ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी सळई), तारांची उंची, वरच्या फ्रेटवर स्वर सुरात येतो की नाही ते. जाड तार बाराव्या फ्रेटवर अडीच मिलिमीटरच्या आसपास असली की बोटांना बरं वाटतं. पुढे हे काम स्वतः शिकता येतं, मात्र ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही. तारांचं म्हणाल तर तुमच्या गाण्यांसाठी मी फ्लॅटवाउंड सुचवेन. त्यांचा आवाज गोल, सरकताना बोटांची कर्कर नाही, आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या चित्रपटगीतांशी त्यांचं नातं लवकर जुळतं. त्या महाग वाटतील, पण वर्षानुवर्षं टिकतात. सेटअप आणि तारा एकाच वेळी करा, कारण वेगळ्या तारांचा ताण वेगळा असतो.

अँपवरचे नॉब कसे ठेवता ते तुम्ही फोटोत दाखवलंय : खालचे स्वर पूर्ण, वरचे पूर्ण, मधले शून्य. घरी एकट्याने वाजवताना हे फार गोड लागतं, मीही वर्षानुवर्षं तसंच ठेवायचो. ग्रुपमध्ये वाजवायला बसलं की खालचा भाग किक आणि ढोलकीत बुडतो, वरचा भाग गिटार आणि झांजांत, आणि जिथे बेसचा स्वर कानाला ओळखू येतो तो मधला भाग तुम्ही स्वतःच काढून टाकलेला असतो. सगळे नॉब मध्यावर आणा. मग खालचा किंचित कमी, मधला किंचित जास्त. घरी ऐकलंत तर नाकातून बोलल्यासारखं वाटेल. स्टेजवर तो आवाज बरोबर जागेवर बसतो.

आणि बोटं. हा भाग मला सगळ्यात जवळचा. तुम्ही लिहिलंय की तुम्ही "रिकाम्या जागा भरता". त्या रिकाम्याच राहू द्या काही दिवस. केरव्याच्या आठ मात्रांत पहिल्या मात्रेवर सा, पाचवीवर प, एवढंच वाजवा, पण प्रत्येक स्वर नेमका कुठे थांबवायचा ते ठरवून. सा सोडायचा तो तिसऱ्या मात्रेवर की चौथ्यावर? चौथ्यापर्यंत धरलात तर गाणं पसरट वाटेल, तिसऱ्यावर तार बोटाने बंद केलीत तर ढोलकीला बोलायला जागा मिळेल आणि गाणं चालायला लागेल. मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) फक्त पहिल्या मात्रेवर वाजेल असा लावा, मधल्या सात मात्रा स्वतः सांभाळा. रोज पंधरा मिनिटं. तबलजी ठेका सांभाळतो म्हणजे काय करतो, हे या सरावातून हाताला कळतं. तुमच्या ढोलकीवाल्याला तालमीच्या अर्धा तास आधी बोलवा आणि दोघांनीच, बाकी कुणी नसताना, चार गाण्यांचे नुसते ठेके वाजवा. त्याच्या डाव्या हाताची थाप आणि तुमचा सा एकत्र पडायला लागला की अर्धं काम झालं. मला त्या अर्ध्या तासांचीच सगळ्यात जास्त आठवण येते.

तुमचा जीव ज्यात अडकलाय ते दुखणं या वाद्याला नवीन नाही, हेही सांगावंसं वाटतं. अमेरिकन वाद्यनिर्माता लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा नाचाच्या बँडमधले डबल बेस (माणसाएवढा उभा बेस) वाजवणारे हीच तक्रार करत होते : बाकीच्यांच्या आवाजात आमचा अवजड डबल बेस ऐकू येत नाही, आणि तो घेऊन हिंडताही येत नाही. फ्रेट असलेला, विजेवर वाजणारा, खांद्याला अडकवता येणारा बेस त्यातून निघाला. पुढे आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ यांच्यासारखे वादक बसले, आज मुंबईची मोहिनी डे जगभरच्या रंगमंचांवर बेस वाजवते. तिचा बेस सगळ्यांना ऐकू येतो. टोनी वाझ यांचा बेस तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात, त्यांचं नाव मात्र कदाचित आत्ताच वाचलं असेल. ऐकू येण्याचे हे दोन्ही प्रकार मला सारखेच मोलाचे वाटतात. यातला कुठला तुम्हाला हवा आहे, हे स्वतःला विचारा. पहिला हवा असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मग जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद ही त्याची जागा नव्हे; तुम्हाला तरुण मुलांबरोबर फंक किंवा जॅझ वाजवायला जावं लागेल. बेस वाजवणारे सगळीकडे कमी पडतात, घेतील तुम्हाला.

सोडून देण्याबद्दल. तुम्ही हे एका वाईट संध्याकाळनंतर लिहिलंय, म्हणून मी त्यावर लगेच उत्तर देणार नाही. डाव्या हाताची ती तालीम होऊ द्या. ती झाल्यावरही मित्राला तुमची जागा मोकळी करायची नसेल, आणि ते तो स्पष्ट सांगेल, तर त्या ग्रुपमध्ये राहायचं की नाही, याचा विचार जरूर करा. पण तेव्हाही सोडायचा तो ग्रुप. बेस कशाला?

पैशांबद्दल एकच. "तुमचे पैसे आहेत, घ्या" हा होकार आहे असं तुम्ही धरून चालला आहात. मी तिथे नव्हतो. पण घरात दोघांचे पैसे असताना कुणी 'तुमचे' म्हणतं, तेव्हा पुन्हा एकदा विचारलेलं बरं. डीआय बॉक्स, सेटअप, तारा, टेस्टर आणि एक चांगली केबल, एवढ्याची यादी घेऊन बसा त्यांच्यासमोर. ती लाखाच्या आसपासही जात नाही. मोठा अँप वाजवून बघायचाच असेल तर जॅमरूम (बँडच्या सरावाची खोली) तासाने मिळते, तिथे मोठे अँप असतात. एक तास तुमचा बेस त्यात लावून ऐका. आणि वर्षभराने पाच तारांचा घ्यायचं ठरलंच तर आधी जुन्या बाजारात शोधा. मान सरळ आहे का, ट्रस रॉड अजून फिरतो का, नॉब खरखरतात का, जॅकमध्ये केबल सैल बसते का, एवढं बघून घेतलं तर हौशी माणसांनी कपाटात ठेवलेले चांगले बेस निम्म्या किमतीत मिळतात.

कोजागिरीचा कार्यक्रम सोसायटीच्या गच्चीवर आहे असं लिहिलंय. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर, अँप आणि वाद्यं बंद ठेवावी लागतात, खास परवानगी असेल तरच बारापर्यंत चालतात. आयोजकांना आधीच विचारून घ्या आणि तुमची आवडती गाणी नऊच्या आत घ्या. दहानंतर दूध वाटताना दोन गाणी नुसत्या गळ्यावर, हळू आवाजात होतील. शेजाऱ्यांना विचारून.

साउंड चेकला अर्धा तास आधी पोचा. साउंडवाल्याला नमस्कार करा, नाव विचारा, आणि सांगा की कीबोर्डचा खालचा भाग थोडा कमी ठेवा, बेस डीआयमधून येतोय. त्याच्या मिक्सरवर पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती चालू करायला सांगा, पेनड्राइव्ह तुम्ही घेऊन जा. या वेळी मोबाइलवर कुणाला काही रेकॉर्ड करू देऊ नका, केलंच तर ते ऐकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रेकॉर्डिंग आधी मुलीला हेडफोन लावून ऐकवा. कुठलं गाणं ते सांगू नका, बेसचं नाव काढू नका. तिच्या पायाकडे बघा.